राखून धावणं

खांदे सैल सोडा. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, तुमच्या सोयीनं. विट्याहून खानापूरकडं जाणारा रस्ता मनात आणा. पहाट आहे, यंत्रमागांची खडखड मागं पडलीय, पुढं रेणावीची बाजू. पायांत आज जोर आहे. तो जाणवू द्या. आणि तो सगळा वापरायचा नाही, एवढंच ठरवा.

पेसर होणं इथून सुरू होतं. पाठीला वेळेचा झेंडा लावून धावणारा हा स्वयंसेवक. झेंड्यावर अडीच तास लिहिलेत, तर 21.0975 किलोमीटर अडीच तासांतच संपवायचे. दहा मिनिटं आधी पोचणं हीसुद्धा चूकच. त्याच्या भोवतीच्या घोळक्याला रनर मंडळी 'बस' म्हणतात. (ही बस थांब्यावर थांबत नाही, तेवढं सोडून द्या.) झेंडा घ्यायचा तो आपल्या उत्तम वेळेपेक्षा निदान पंधरा-वीस मिनिटं सावकाश. म्हणजे त्या दिवशी तुमची स्वतःची शर्यत नसते. इथं दोन श्वास थांबा. हे मनाला किती बोचतंय ते बघा.

आता साताऱ्याला या. हिल हाफ मॅरेथॉनचा रस्ता यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं जातो आणि परत फिरतो. सपाटीवर अडीच तासांचा हिशोब सोपा : किलोमीटरला सात मिनिटं सात सेकंद. घाटात तोच धरून बसलात तर मागची माणसं अर्ध्या चढात गळतील. चढावर थोडं मागं पडायचं, उतारावर बेतानं भरून काढायचं. सारखा ठेवायचा तो दम. शेजारच्याचा श्वास ऐका. 'अजून एकच वळण' म्हटल्यावर तो शब्दांत उत्तर देतोय की नुसती मान हलवतोय?

इथंच एक अवघड जागा येते, तिच्याकडं सावकाश बघा. सुरुवातीपासून तुमच्या बरोबरीनं आलेली एक बाई मागं पडते. थांबायचं? मनात येईल ते येऊ द्या. तुम्ही थांबलात तर झेंड्याच्या भरवशावर धावणारे बाकीचे सगळे उशिरा पोचतील, तेही त्यांना न कळता. मी म्हणेन, थांबू नये. तिला चक्कर आली, ती खाली बसली, तर झेंडा दुसऱ्याच्या हाती देऊन जरूर थांबावं. तिथं वेळेचा प्रश्नच उरत नाही. नुसती दमली असेल तर सांगावं, 'ताई, थोडं चालून घ्या, मागून पावणेतीनची बस येतेय.' आवाजात कीव नको.

जरा दूर जाऊ. 12 ऑक्टोबर 2019 ला व्हिएन्नात एलिउड किपचोगे 42.195 किलोमीटर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत धावला. सोबत आलटून पालटून 41 पेसर होते, त्यांत ऑलिंपिक पदकविजेतेही. शेवटी ते मागं राहिले, त्याला एकट्याला पुढं जाऊ दिलं. त्या धावेची अधिकृत विश्वविक्रमात नोंद नाही, आणि पेसरांची ही अदलाबदल त्याचं एक कारण आहे.

विटेकरांना यात परकं काही वाटू नये. दसऱ्याला इथं रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत होते. तिथं एकट्याच्या वेगाला किंमत नाही. पुढचा खांदेकरी सुसाट सुटला तर मागच्याचा तोल जातो.

पुन्हा श्वासाकडं या. शेवटचा किलोमीटर. ज्यांच्यात बळ उरलंय त्यांना म्हणा, 'जा आता, माझ्यासाठी थांबू नका.' तुमच्या बसमधली माणसं तुमच्या पुढं निघून जातील. जाऊ द्यात.

तुमची अर्धमॅरेथॉन दोन तासांची असेल, तर पुढच्या वेळी अडीच तासांचा झेंडा मागून घ्या. त्याआधी महिनाभर खानापूर रस्त्यावर त्याच वेगाचा सराव करा, घड्याळाकडं कमीत कमी बघत. पेसरच्या मागं धावून ज्यांनी पदक घेतलंय, त्यांनी तर एकदा तरी झेंडा घ्यायलाच हवा.