हिरोशिगेचा पाऊस, व्हॅन गॉगची चौकट

जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगेने १८५७ साली एदो (आजचे टोकियो) शहरातल्या एका पुलावर कोसळणाऱ्या सरीचे, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेले चित्र केले. तीस वर्षांनी पॅरिसमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने तेच चित्र तैलरंगात उतरवले. कॅनव्हासचे माप मूळ छापाशी जुळत नव्हते, तेव्हा उरलेल्या कडांवर त्याने इतर छापांवरची जपानी अक्षरे रंगवली. ती त्याला वाचता येत नव्हती. परक्या संस्कृतीचे रूप घेणाऱ्याने तिचा अर्थही जाणून घ्यायलाच हवा का? एक चित्रकार आणि कलेतिहासाची एक अभ्यासक यांचा वाद या चौकटीपासून सुरू होतो.

चित्रकाराच्या मते डोळ्याला भाषेची परवानगी लागत नाही. “कडेला कापला गेलेला पूल, सावलीविना सपाट रंग, उंचावरची नजर, हे सगळं व्हॅन गॉगला एकही अक्षर न वाचता उमगलं. पुढच्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्समध्ये त्याचे रंग मोकळे झाले, त्यात या छापांचा मोठा वाटा आहे. याला तुम्ही अज्ञान म्हणाल?”

“नजर उमगली, हे खरं,” अभ्यासक म्हणते, “पण तो पाऊस पाहा. छापातली पावसाची प्रत्येक रेघ म्हणजे आजूबाजूचं लाकूड काढून केसाएवढी उभी राखलेली कड. रेखाटणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, शिवाय पैसा घालणारा प्रकाशक. वरचा काळा ढग खाली फिकट होत जातो, कारण छापणाऱ्यानं ठोकळ्यावरचा रंग हातानं पुसत आणला. तैलचित्रात हे सगळे हात एका कुंचल्यात विरून गेले.”

चित्रकार उलट दिशा दाखवतो. जपानी चित्रकार होकुसाईने १८३०च्या सुमारास फुजी पर्वताच्या दृश्यमालिकेत वापरलेला प्रशियन निळा मूळचा बर्लिनचा. दूरची वस्तू लहान दाखवण्याची युरोपीय रीतही जपानी छापांत अठराव्या शतकातच आली होती. “ती उचलणाऱ्यांनी आधी युरोपीय तत्त्वज्ञान थोडंच वाचलं होतं?”

हा मुद्दा वजनदार आहे आणि अभ्यासक तो टाळत नाही. तिचे उत्तर एवढेच, की रंग आणि रीत ही साधने. वापरता वापरता त्यांचे काम कळते. लिपीची नक्षी झाली की मात्र लिहिणाऱ्याचे म्हणणे पुसले जाते. शिवाय १८५३ मध्ये अमेरिकी युद्धनौका एदोच्या उपसागरात शिरल्यानंतर जपानची बंदरे दबावाखाली उघडली. युरोपातला छापांचा बाजार त्यानंतर वाढला. देवाणघेवाण झाली, पण बरोबरीच्या नात्याने नव्हे.

मग ती पद्धत शिकून घेणाऱ्या एका चित्रकर्तीकडे, मेरी कसाटकडे वळते. १८९० मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाविद्यालयातले जपानी छापांचे मोठे प्रदर्शन पाहून कसाटने दहा रंगीत छापचित्रे केली, प्रत्येकाच्या पंचवीस प्रती. छपाईत ती स्वतः राबली आणि छापांवर आपल्याबरोबर छापणाऱ्या लरुआचेही नाव घातले.

“पण तिनं लाकूड नाही, धातूचे पत्रे वापरले,” चित्रकार म्हणतो. “बायकाही पॅरिसच्या, पत्र चिकटवणाऱ्या, मुलाला न्हाऊ घालणाऱ्या.”

“म्हणूनच ते मला पटतं. तिनं काम करण्याची पद्धत शिकून घेतली आणि तिच्यातून स्वतःचं जग मांडलं. हुबेहूब नक्कल करणं मी मागतच नाही.”

व्हॅन गॉगच्या पुलाचा आणि पावसाचा पक्ष चित्रकार शेवटपर्यंत सोडत नाही. कडेच्या अक्षरांचा मात्र सोडतो.