पंगतीकडून चुलीकडे

हुडकेश्वरहून उमरेड रोडला लागलं की मोठा ताजबाग जवळच. तिथला लंगर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी शहरभर चालणारं भोजनदान, गणपतीत आमच्याकडे ले-आउट-ले-आउटमध्ये होणारा महाप्रसाद... दारी आलेल्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही नागपूरची रीत. मला तिचा अभिमान आहे. पण जेवून उठलेला माणूस आपल्या घरी परतणार, हे या रीतीत गृहीत धरलेलं असतं. युद्धानं ज्यांचं घरच हिरावलं, त्यांना आज पंगत, उद्या पंगत आणि वर्षभरानंतरही पंगतच वाढत राहायची का? हा प्रश्न मदत करणाऱ्या जगाला फार उशिरा पडला.

आधीचा वाद वेगळाच होता. कोणाच्या लेकरांना खाऊ घालायचं, यावरच माणसं भांडत होती. पहिलं महायुद्ध संपल्यावरही ब्रिटनची नाकेबंदी चालूच होती आणि ऑस्ट्रिया-जर्मनीतली मुलं भुकेनं खंगत होती. त्या मुलांसाठी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पत्रकं वाटली म्हणून १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या बाईंना अटक झाली, पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ उभी केली. शत्रूचं मूलही मूलच, हे सांगायला तेव्हा खटला अंगावर घ्यावा लागत होता.

पंगतीच्या पुढचं पाऊल मात्र आपल्या महाराष्ट्रात पडलं. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत वसली. सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून सैबेरिया, कझाकस्तानात हाकलून दिलेली ही माणसं इराण, कराची अशा वाटेनं इथवर आली होती. सुमारे ५,००० जण, त्यांत बहुतांश बायका आणि मुलं. इथं प्रत्येक कुटुंबाला राहायची खोली मिळाली, व्हरांडा मिळाला आणि वेगळं स्वयंपाकघर मिळालं. हातखर्चाला भत्ता मिळे. वसाहतीतच बाजार होता, तिथं जाऊन बायका आपल्या मनानं खरेदी करत आणि घरी येऊन रांधत. वर्षानुवर्षं दुसऱ्यानं मोजून दिलेल्या भाकरीवर जगलेल्या बाईला ‘आज काय करू?’ असा प्रश्न पडणं, ही केवढी मोठी गोष्ट असेल! मूल आईकडे जेवायला मागतं आणि आई ते देऊ शकते. कुटुंब म्हणून जगणं तिथूनच तर पुन्हा सुरू होतं.

त्याच १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि तोही युद्धाचाच दुष्काळ होता. वळिवड्याचं कौतुक करताना हे आठवलं की मन खट्टू होतं. पोलिश मुलांना जे मिळालं ते योग्यच होतं. बंगालच्या मुलांना ते नाकारलं गेलं, हा अन्याय होता.

मग १९७१ आलं. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली. इतक्यांना खोली आणि भत्ता कुठून देणार? नोव्हेंबरपासून देशभर टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा छाप मारलेला असे. नागपूरहून अकोल्याला खुशालीचं पत्र धाडणाराही निर्वासितांच्या घासाला हातभार लावत होता.

पण नुसता शिधा पुरत नाही, हे या निर्वासितांच्याच छावण्यांत उमगलं. हगवण लागलेल्या लेकराच्या पोटात अन्न टिकत नाही. पश्चिम बंगालातल्या बनगावला कॉलऱ्याच्या साथीत शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करवलं. ते पिंपांत कालवलं आणि पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवरच सोपवलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. जीव वाचवण्याचं काम आईच्या हाती विश्वासानं देता येतं, हे बनगावनं दाखवलं. नव्वदच्या दशकात आलेली शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं मला याच वाटेवरची वाटतात. ९२ ग्रॅमचं एक पाकीट, त्यात ५०० कॅलरी. पाणी लागत नाही, शिजवावं लागत नाही. कोपरा फाडला की मूल चोखून खातं, आणि अनेक कुपोषित मुलं दवाखान्यात न राहता घरीच बरी होतात.

पुढे जॉर्डनमधल्या झातारी छावणीत सीरियन निर्वासित कुटुंबांना जागतिक अन्न कार्यक्रमाची खरेदीची कार्डं मिळाली आणि बायका दुकानातून हवं ते घेऊ लागल्या. वळिवड्यानंतर सत्तर वर्षांनी!

कार्ड चालायला दुकान लागतं, दुकानात माल लागतो. गाझात २०२५ च्या एप्रिलच्या सुरुवातीला याच कार्यक्रमाच्या आधारावर चालणाऱ्या २५ बेकऱ्या बंद पडल्या. पीठ संपलं होतं आणि भट्टीचं इंधनही. ऑगस्टमध्ये तिथं दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. युद्धात उपासमारीचं हत्यार करण्याचा निषेध सुरक्षा परिषदेनं २०१८ मध्येच ठरावानं केला होता. तरीही मुलं पातेली घेऊन सामुदायिक स्वयंपाकघरांपुढे रांगेत उभी राहिली. त्या रांगेत वाढणाऱ्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण ते लेकरू रिकामं पातेलं घेऊन तिथवर आलं, कारण त्याच्या आईजवळ ना पीठ होतं, ना जळण, ना चूल मांडण्यापुरती निर्धास्त जागा. सीमेवर मदतीचे ट्रक अडवणाऱ्यांनी हे सारं तिच्यापासून तोडलं आहे, आणि जाब त्यांनाच विचारायला हवा.