चारशे व्होल्ट आणि दुसऱ्याचा भरवसा

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन ही तशी विक्षिप्त वस्तू आहे. नेहमीच्या हेडफोनमध्ये तारेचं एक छोटं वेटोळं आणि एक चुंबक असतं. इथे दोन्ही नसतात. असतो तो एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा, आणि त्याच्या दोन बाजूंना भोकं पाडलेल्या धातूच्या दोन जाळ्या. पडद्यावर कायमचा विद्युतभार ठेवायचा आणि जाळ्यांवर गाण्याचा सिग्नल उलटसुलट द्यायचा. एक जाळी पडद्याला ओढते, दुसरी ढकलते, आणि पडद्याला जवळपास वजनच नसल्यामुळे तो सिग्नलबरोबर लगेच हलतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली असा हेडफोन बाजारात आणला. त्यांच्या आजच्या हेडफोनमध्ये पडद्यावर ५८० व्होल्ट असतात. हो, कानापासून बोटभर अंतरावर.

नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर इथे चालत नाही, कारण जाळ्यांवरचा सिग्नलसुद्धा शेकडो व्होल्टांचा लागतो. तयार अ‍ॅम्प्लिफायर, त्यातही चांगले, लाखांच्या घरात जातात. पण केव्हिन गिलमोर नावाच्या एका अमेरिकी गृहस्थांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी अशा अ‍ॅम्प्लिफायरची सर्किट्स गेली अनेक वर्षं जगापुढे फुकट मांडून ठेवली आहेत. त्यातल्याच एका धाटणीचा अ‍ॅम्प्लिफायर मी दीड वर्ष खपून घरी बनवला. सुटे भाग काही पासोड्या विठोबाच्या परिसरातून, काही लॅमिंग्टन रोडवरून आणले, ट्रान्सफॉर्मर सांगून गुंडाळून घेतला. आवाजाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते काम करणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते हा अ‍ॅम्प्लिफायर बनवताना आणि नंतर सुचलेल्या एका प्रश्नाबद्दल: स्वतःच्या हातांनी केलेली धोकादायक वस्तू दुसऱ्याला देण्याचा मला अधिकार आहे का?

आधी धोका म्हणजे नेमका किती ते पाहू, कारण इथे आकडे फसवे आहेत. ५८० हा आकडा भीतीदायक वाटतो, पण पडद्याला वीज काही मेगाओहमच्या रेझिस्टरमधून मिळते. पाच मेगाओहम धरले तर कितीही झालं तरी ०.१२ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह येऊच शकत नाही. चिमटा बसेल, इतकंच. खरा धोका आहे तो त्यामागच्या पॉवर सप्लायमध्ये. तिथे +४०० आणि -४०० व्होल्ट असतात, म्हणजे दोन टोकांमध्ये ८००, आणि त्यांच्यामागे मोठे कपॅसिटर. ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ४०० व्होल्टला सुमारे ३८ ज्यूल ऊर्जा साठवतो. हृदयाची बिघडलेली लय ताळ्यावर आणायला डॉक्टर छातीवर जो झटका देतात, तो साधारण १२० ते २०० ज्यूलचा असतो. तुलना ढोबळ आहे, पण अंदाज यायला पुरेशी आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. आपल्या घरात आरसीसीबी असेल तर तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडतो आणि आपण निर्धास्त असतो. पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला बसलेला शॉक त्याला दिसतच नाही. त्याच्या हिशेबाने जितकी वीज आत गेली तितकीच बाहेर आली. म्हणजे ज्या पहारेकऱ्यावर घर विसंबून आहे, तो या डब्यापुरता झोपलेला आहे.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. माझ्या कामात चुकीची किंमत असते, पण ती बहुतेक वेळा उलटवता येते. जुनी आवृत्ती परत चढवायची, माफीचा ईमेल पाठवायचा, पुढे जायचं. आमच्या क्षेत्रात फुकट दिलेल्या कोडसोबत एक मजकूर जातो: जसं आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही. कॉलेजपासून हा मजकूर मी शेकडो वेळा कॉपी केला असेल. त्यात नैतिक प्रश्न आहे असं कधी वाटलं नाही. सोल्डरिंगच्या टेबलाशी, एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताने व्होल्टेज मोजताना (दोन्ही हात आत घातले तर प्रवाह छातीतून जातो, म्हणून ही जुनी शिस्त) ते वाक्य मला पहिल्यांदा विचित्र वाटलं. मी स्वतःला हमी देत नव्हतोच. पण तिथे देणारा आणि घेणारा एकच होता.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मांडलेलं तत्त्व सगळ्यांना ठाऊक असतं: ज्याने दुसऱ्याला इजा होत नाही, त्यात माणूस स्वतःचा मालक. छंदातला धोका या तत्त्वात सहज बसतो. पण बसतो का? मी स्विच बंद करून झोपायला गेलो, तरी कपॅसिटरमधली वीज माझ्याबरोबर झोपत नाही. निचरा करणारा रेझिस्टर नसेल तर ती बराच काळ तिथेच असते. सकाळी आई ओलं फडकं घेऊन टेबल पुसते. मी पत्करलेला धोका माझ्या खोलीत आणि माझ्या जागेपणात मावत नाही. एकत्र राहणाऱ्या माणसांच्या घरात ‘फक्त माझा’ धोका मिळणं कठीण.

म्हणून मी प्रत्येक कपॅसिटरवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर बसवले. एक जळाला तरी दुसरा एकट्याने दीडेक मिनिटात व्होल्टेज पन्नासच्या आसपास आणतो आणि चार मिनिटांत तीनच्या खाली. डब्याला अर्थिंग दिलं, झाकण स्क्रूने बंद केलं. इथपर्यंत प्रश्न सुटल्यासारखा होता.

मग काकांनी तो ऐकला. बाबांचे मावसभाऊ, बँकेतून निवृत्त, वय अडुसष्ट, मल्लिकार्जुन मन्सूरांचे भक्त. अर्धा तास डोळे मिटून बसले आणि हेडफोन काढून म्हणाले, “मला असाच एक करून दे. पैसे सांग.” मी म्हटलं, “काका, आत चारशे व्होल्ट आहेत.” ते म्हणाले, “अरे, तू केलंयस ना? मग काय बघायचं?”

त्या उत्तरावर मी बरेच दिवस अडकून होतो. काकांनी होकार दिला होता, पण तो चारशे व्होल्टांना नव्हता, मला होता. मी गुणाचा मुलगा आहे, इंजिनिअर आहे, लहानपणी त्यांचा रेडिओ उघडून परत जोडला होता, याला तो होकार होता. माणसावरचा भरवसा आणि धोक्याची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या घरांमध्ये पहिलीलाच दुसरी समजण्याची सवय फार. माया असली म्हणून फ्यूज लवकर उडत नाही.

मग गिलमोरसारख्यांनी सर्किट जगाला दिलं, ते कसं चाललं? त्यांनी तर मला कधी पाहिलंही नाही. माझं तेव्हाचं उत्तर असं होतं: ज्ञान देणं आणि वस्तू देणं यांत फरक आहे. सर्किटचा कागद कुणालाही शॉक देत नाही. कागदापासून चारशे व्होल्टांपर्यंत पोहोचायला महिने लागतात, आणि त्या वाटेवर धोका आपोआप समजत जातो. तयार डबा ही वाटच पुसून टाकतो.

हे उत्तर मला आवडलं होतं, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं. ‘ज्याचा अधिकार, त्यालाच मिळावं’ हे वाक्य आपल्याकडे फार जुनं आहे आणि त्याचा इतिहास चांगला नाही. जन्मावरून अधिकार ठरवून कितीतरी जणांना पाटीपासून, पोथीपासून, विहिरीपासून लांब ठेवलं गेलं. माझं म्हणणं त्याच माळेतलं नाही ना? फरक असा सांगता येईल की इथे दार उघडं आहे, शिकेल त्याचा अधिकार. पण काकांचा हात कापतो. त्यांना सोल्डरिंग जमणार नाही, आणि या वयात ट्रान्झिस्टरचे धडे गिरवा असं सांगणं म्हणजे सभ्य शब्दांत नाही म्हणणं. शिकेल त्याचं दार उघडं, असं म्हणताना कोण शिकू शकतो हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

दुसरं टोक म्हणजे कंपनीचा माल घ्या. कंपनीच्या वस्तूवर आपण विश्वास ठेवतो, तो तिथला इंजिनिअर माझ्यापेक्षा हुशार असतो म्हणून नव्हे. तिथली जबाबदारी एका माणसाबरोबर संपत नाही म्हणून. चाचणी दुसरा करतो, दुरुस्ती तिसरा, आणि तिघेही नोकरी सोडून गेले तरी मॅन्युअल उरतं. मी उद्या बंगळुरूला किंवा बर्लिनला गेलो आणि काकांचा डबा बंद पडला, तर ते तो कोपऱ्यावरच्या टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे नेतील. तो झाकण उघडेल. त्याने ना सर्किट पाहिलंय, ना माझं तोंड.

त्या माणसाचा विचार केला तेव्हा मला माझा प्रश्न बदलावा लागला. काकांची संमती खरी की अपुरी यावर मी घोळत होतो, पण ज्याची संमती कुणीच घेणार नाही असा माणूस हा तिसरा होता. मला वाटतं, हाताने वस्तू करणाऱ्याचं पहिलं कर्तव्य त्याच्याशी असतं: आपल्या गैरहजेरीत झाकण उघडणाऱ्या अनोळखी हाताशी. काकांवरच्या प्रेमापोटी मी कदाचित थोडं दुर्लक्ष केलं असतं. त्या हाताशी माझं काही नातं नाही, म्हणूनच तिथे सवलत घेता येत नाही.

मी दुसरा डबा केला. झाकण उघडताच वीज तुटेल असा स्विच बसवला. त्याने कपॅसिटर रिकामे होत नाहीत, म्हणून वीज असेपर्यंत जळणारा एक लाल दिवा आत लावला. झाकणाच्या आतल्या बाजूला संपूर्ण सर्किट चिकटवलं आणि वर ठळक मराठीत लिहिलं: बंद करून पाच मिनिटं थांबा, मग मीटरने मोजा, मगच हात घाला. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला, जो हार्डवेअरमधला आहे, डबा आठवडाभर दिला आणि दोष काढायला सांगितलं. कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ देत नाही, मग इथे वेगळा नियम का?

शेवटची अडचण काकांच्या घरी निघाली. जुन्या इमारतीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे तारच नव्हती. अर्थिंग नसलेल्या घरात मी तो डबा ठेवणार नाही म्हणालो. काका चिडले. “गाणं ऐकायला भिंती फोडू?” दोन महिने आमच्यात बोलणं कमीच होतं. मग त्यांनी वायरमन बोलावला आणि सगळ्या घराची वायरिंग बदलून घेतली. खर्च अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा जास्त आला, हे ते अजूनही चारचौघांत सांगतात. मी पैसे फक्त सामानाचे घेतले. नफा घेतला असता तर मी विक्रेता झालो असतो, आणि विक्रेत्याला हवी ती यंत्रणा माझ्यामागे नाही.

हे सगळं करून धोका शून्य झाला का? नाही. लाल दिवा जळू शकतो, कागद सुटू शकतो, कुणाला मराठी वाचता येत नसेल. ‘जसं आहे तसं घ्या’ म्हणण्याची मुभा मला आता वाटत नाही, आणि पूर्ण हमी देण्याची ताकदही माझ्यात नाही. या दोन्हींच्या मधे जे उरतं ते म्हणजे दर दिवाळीला मीटर घेऊन काकांकडे जाणं, झाकण उघडणं आणि मोजणं. बर्लिनचं बोलावणं आलंच, तर निघण्याआधी तो डबा कुणाच्या हवाली करायचा, हे ठरवणंही त्यातच आलं. त्यासाठी एका माणसाला मी आत्तापासून सर्किट समजावतो आहे. काकांची नात आहे, अकरावीत. प्रश्न फार विचारते.