साठ दिवस तुम्ही कुठे होता?

बसा. मोबाईल खिशात ठेवा. शहापूर आणि मुरबाडचे जे जे माझ्या हाताखालून गेले आणि आज सरपंच, सदस्य, वकील झाले, जमिनीच्या व्यवहारात पडले, त्या सगळ्यांना आज एकत्र बोलावलंय. गोड बोलणार नाही.

परवा तुमच्यातले काहीजण निवेदन घेऊन घरी आले. डोंगराच्या पायथ्याला प्लॉटिंग सुरू झालंय, जेसीबी लागलाय, कलेक्टर साहेबांकडून स्टे आणायचा, गुरुजी सही द्या. मी सही दिली नाही. तुम्हाला राग आला. आता कारण ऐका.

ज्यांच्या गावाचं नाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे, त्यांच्यावर स्टे २०१३ पासून आहे. १३ नोव्हेंबर २०१३ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने निर्देश काढले. खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे कारखाने, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं, ५० हेक्टर आणि त्याहून मोठ्या टाउनशिप, सगळ्यावर बंदी. तात्पुरती. कायमचा निर्णय होईपर्यंत. मग मार्च २०१४ ला कायमच्या अधिसूचनेचा मसुदा आला. तो बारगळला. २०१५ ला दुसरा, २०१७ ला तिसरा, २०१८ ला चौथा, जुलै २०२२ ला पाचवा, ३१ जुलै २०२४ ला सहावा. महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे आणि आपल्या दोन्ही तालुक्यांतली गावं त्यात नावानिशी छापलेली आहेत. प्रत्येक मसुद्याच्या शेवटी एक कलम असतं: कोणालाही हरकत किंवा सूचना द्यायची असेल तर साठ दिवसांत लेखी द्यावी.

साठ दिवस. सहा वेळा. तुमच्यापैकी कोणी काय दिलं?

आता कोणी म्हणेल, गुरुजी, जुलै-ऑगस्ट म्हणजे आवणीचे दिवस, मग गणपती, माणसाला फुरसत कुठे? ही सबब मी ऐकून घेणार नाही. पाचवा मसुदा जुलैच्या पहिल्या आठवड्यातला, सहावा जुलैच्या शेवटच्या दिवसाचा. दोन्ही वेळा १५ ऑगस्ट त्या साठ दिवसांत आला. झेंडावंदन झालं की ग्रामसभा, हे लहान पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी गाव आपणहून जमतं. विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवायला काय लागत होतं? सरपंचबाई, तुम्ही ती ओळ लिहिली होती का? ग्रामसेवकाने लिहिली नाही, हे उत्तर मला चालणार नाही. सरपंच तुम्ही आहात.

आणि जिथे हरकती दिल्या गेल्या, तिथेही काय दिलं ते मी वाचलंय. वर तेच, खाली तेच, मध्ये तेच. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून आणलेला एक कागद, 'आमच्या गावाचा या अधिसूचनेस तीव्र विरोध आहे', आणि खाली घरोघर रजिस्टर फिरवून गोळा केलेल्या सह्या. गट नंबर नाही, सातबारा नाही, कोणत्या कलमाला विरोध ते नाही. मसुदा वाचला असता तर दिसलं असतं की राहत्या घराच्या दुरुस्तीला त्यात मनाई नाही, जमीन नावावर करून घ्यायला मनाई नाही. तुम्ही तीव्र विरोध केलात तो दगडखाणीवरच्या बंदीला. मग तो विरोध गावाचा होता की खाणवाल्याचा? शाळेत असा प्रश्न न वाचता कोणी पेपर लिहिला असता तर मी वही परत फेकली असती.

गाव यादीत कसं गेलं, हे तरी कोणी विचारलं? केंद्राने पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाची छायाचित्रं पाहिली आणि ज्या गावाचा २० टक्के किंवा त्याहून जास्त भाग नैसर्गिक, ते अख्खं गाव घेतलं. उपग्रहाला रान दिसतं. पाड्याच्या वरच्या अंगाचा झरा मे महिन्यात आटत नाही हे त्याला दिसत नाही. गुरचरण कुठलं आणि खासगी माळ कुठला, देवाचं रान कुठवर, मयतीची वाट कोणाच्या बांधावरून जाते, नागलीचं वरकस कुठल्या उतारावर, हे त्याला कसं कळणार? हे तुम्हाला कळतं. त्यासाठीच ते साठ दिवस होते. त्याआधी २०११ ला माधव गाडगीळांच्या समितीने सांगितलं होतं की काय राखायचं ते ग्रामसभांना विचारून ठरवा. तेव्हा सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आपणहून ठराव करून कळवलं, आमचं क्षेत्र संवेदनशील म्हणून घ्या. ती माणसं तुमच्यासारखीच भात लावणारी.

तुम्ही मागता तो स्टे, ती स्थगिती, म्हणजे परीक्षा पुढे ढकलली, एवढंच. पेपर रद्द होत नाही. मिळालेल्या दिवसांत अभ्यास केला नाही तर पुढच्या तारखेलाही तुम्ही तितकेच ढ राहता. कल्याण-डोंबिवलीत बघा. कचऱ्याची सोय नाही म्हणून २०१५ ला उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना मनाई केली, वर्षभराने उठवली. आधारवाडीचा ढीग मात्र पुढे कित्येक वर्षं जागचा हलला नाही. मुंबईत देवनारच्या कचऱ्यावरून २०१६ ला तसाच आदेश झाला, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो सैल केला. बिल्डरने ते दिवस वकील आणि कागद तयार करण्यात घालवले, लोकांनी वाट पाहण्यात.

आपल्याकडे तर याहून वाईट झालं. यादीच्या भीतीने एजंट गावोगाव फिरले. 'इकोसेन्सिटिव्ह लागलंय, आता जमिनीला मोल नाही, मिळतंय तेवढं घ्या.' यात तुमच्यातलेही होते. मान खाली घालू नका, मला नावं माहीत आहेत. त्याच जमिनीवर आज गुंठ्यागुंठ्याने बंगल्यांचे प्लॉट पडतायत. २०,००० चौरस मीटरची बंदी त्यांना लागतच नाही, कारण प्रत्येक तुकडा लहान आहे. मोठा हत्ती अडवायला फाटक लावलं आणि उंदरांनी कणगी खाल्ली. हे भोक कोणी दाखवायचं होतं? दिल्लीत जोरबागच्या पर्यावरण मंत्रालयात बसलेल्या साहेबाने?

पाण्याचं बोलू का? तानसा १८९२ चं. मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, मुंबईची तहान शहापूरच्या अंगणातून भागते आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. हे भाषणात सगळेच म्हणतात, टाळ्याही पडतात. पण डोंगराच्या माथ्यावर रिसॉर्टची बोअर खोदली तर खालच्या पाड्याच्या विहिरीचं काय होईल, हे लिहून देणारी एक हरकत मला दाखवा. एक.

म्हणे आमचं कोण ऐकतो! मुरबाडकरांनो, हे तुम्ही म्हणावं? काळू धरणाचं काम वनविभागाची मंजुरी नसताना सुरू झालं, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटनेच्या माणसांनी कागद गोळा केले, कोर्टात गेले आणि २०१२ ला उच्च न्यायालयाने काम थांबवलं. मशीन उभी राहिली ती घोषणांनी नाही, कागदाने. गोव्यात लोक उठले तेव्हा सरकारला २००६ मध्ये मंजूर झालेला प्रादेशिक आराखडा जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला आणि पुढच्या आराखड्याचे नकाशे पंचायतींकडे पाठवावे लागले. २०१२ नंतर तोही बासनात गेला, हे खरं. पण गावागावांतल्या माणसांना नकाशा वाचता यायला लागला, ते कसब कोणी बासनात घालू शकलं नाही.

तुमच्या हातात तर त्यांच्यापेक्षा जास्त आहे. शहापूर अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात, मुरबाडची बरीच गावं त्यात. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, २०१४ चे नियम आहेत. पाड्याला स्वतःची ग्रामसभा हवी असेल तर ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाता येतं. किती पाडे गेले? तुम्हीच त्यांना जाऊ दिलं नाही, कारण पाडा वेगळा झाला की मतांचा आणि निधीचा हिशोब बिघडतो. हे मी तोंडावर सांगतो. जी माणसं जंगलाला सगळ्यात जवळ राहतात, त्यांनाच तुम्ही सभेत मागच्या रांगेत बसवता आणि नंतर रजिस्टरवर त्यांचा अंगठा मागता.

शहापूर-मुरबाड शहरातल्यांनीही निवांत बसू नये. नगरपंचायतीचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याने तीस दिवस मिळतात, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. त्या सुनावणीला जो उभा राहतो त्याच्या जागेवरचं आरक्षण हलतं, आणि जो घरी राहतो त्याच्या जागेवर येतं. बागेची जागा गेल्यावर गळा काढून उपयोग नाही.

तुमच्या निवेदनावर सही हवी ना? मिळेल. येत्या रविवारी सकाळी पंचायतीसमोर. येताना भूमी अभिलेखमधून गावनकाशाची प्रत आणा, तलाठ्याकडून त्या डोंगरालगतच्या गटांचे सातबारे आणा, आणि प्रत्येक पाड्यातली दोन म्हातारी माणसं आणा, त्यातली एक बाई, कारण पाणी कुठून येतं ते तिला माहीत असतं. झरे निळ्या पेन्सिलने, गुरचरण हिरव्याने, प्लॉट पडलेले गट लाल. नकाशा भरून झाला की निवेदन त्याच्याखाली लिहू, आणि स्थगिती किती दिवसांची हवी, त्या दिवसांत ग्रामसभा काय काय करणार, तेही त्यातच लिहू. गट नंबर नसलेला कागद मी हातात घेणार नाही.