बर्फाच्या भांड्याचे ऋण

ज्या सेवेचे दाम आपण आधीच मोजले आहे, त्या सेवेबद्दल कृतज्ञता बाळगावी काय? प्रश्न जुना आहे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही त्याचे उत्तर वहीत उतरवून परीक्षेपुरते पाठही केले होते. परंतु त्या उत्तराचा अर्थ आम्हांला उमगला तो पुढे पुष्कळ वर्षांनी, समुद्रावर, एका प्रवासी जहाजाच्या केबिनमध्ये, बर्फाचे एक लहानसे भांडे समोर असताना.

आमच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे झाली तेव्हा धर्मग्रामातील काही कुटुंबांनी प्रेमाने आम्हांस रोमची यात्रा घडविली आणि तिला जोडून भूमध्य समुद्रातील सात दिवसांची जलसफर. रोमजवळच्या चिविताव्हेक्या बंदरातून आम्ही जहाजावर चढलो. पहिल्याच रात्री तहान लागली. टेबलावर पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. पाहुण्यांसाठी ठेवल्या असतील अशा भोळ्या समजुतीने आम्ही एक उघडली, आणि मगच तिच्या गळ्यातील किमतीची चिठ्ठी वाचली! नळाचे पाणी प्यावे तर चोहीकडे खारा समुद्र, मन धजेना.

इतक्यात दार ठोठावून केबिनची व्यवस्था पाहणारा तरुण आत आला. छातीवरच्या पट्टीवरील आडनाव गोव्याचे दिसले. चौकशी केली तेव्हा तो साष्टीचा निघाला. आमची अडचण ऐकून तो हसला. "फादर, नळाचे पाणी खुशाल प्या. आम्हीही तेच पितो. बर्फ हवा असेल तर सकाळ-संध्याकाळ भांडे भरून ठेवीन. तुम्ही फक्त सांगा."

हे पाणी येते कोठून, हेही आम्हांस या सफरीत समजले. काही पाणी बंदरातून भरून घेतात. बाकीचे समुद्राच्या पाण्यापासूनच तयार होते. हवेचा दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या बरेच खाली उकळते. म्हणून इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून खाऱ्या पाण्याची वाफ करतात आणि ती थंड करून गोडे पाणी मिळवितात. दुसऱ्या पद्धतीत पाणी मोठ्या दाबाने सूक्ष्म पडद्यातून ढकलतात. मीठ मागे राहते. मग त्यात क्लोरीन मिसळतात. बर्फ याच पिण्याच्या पाण्याचा. तो हाताने घ्यायचा नाही, त्यासाठी ठेवलेल्या डावानेच घ्यायचा. आपली उष्टी बाटली यंत्राच्या तोटीला लावायची नाही, कारण एका माणसाच्या पोटाचा विकार साऱ्या जहाजात पसरावयास तेवढे निमित्त पुरते.

एके काळी बर्फ म्हणजे राजेशाही चैन होती. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून जहाजाने आणलेला तळ्यातील बर्फ कलकत्त्यास उतरला, तेव्हा साहेबलोकांना त्याचे केवढे अप्रूप! पुढे मुंबई-मद्रासलाही बर्फघरे झाली. गोठलेल्या तळ्यावर करवत चालविणाऱ्यांची आठवण मात्र थंड पेला ओठांना लावताना कोणास झाली असेल, असे वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रोममध्ये पायी फिरून आमचा उजवा घोटा सुजला होता. दुसऱ्या रात्री आम्ही भांड्यातील बर्फ रुमालात बांधून घोट्यावर ठेवला. तो ओला रुमाल त्या तरुणाने सकाळी पाहिला असावा. त्या संध्याकाळी बर्फाच्या भांड्याशेजारी घडी केलेला जाड पंचा आणि एक स्वच्छ पिशवी ठेवलेली होती. आम्ही मागितले नव्हते. तोही काही बोलला नाही.

आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी भांडे रिकामे होते. वाचकहो, तीन दिवसांपूर्वी ज्या बर्फाचे आम्हांस कौतुक वाटले होते, त्याच्या अभावी आमचा चक्क संताप झाला. आम्ही फोन उचलून तक्रार नोंदविली. अर्ध्या तासाने तो तरुण धापा टाकीत आला. एक सहकारी आजारी पडल्याने त्याच्याकडे आणखी खोल्या आल्या होत्या. "फादर, माफ करा," एवढेच म्हणून त्याने भांडे भरले. पुढे बोलता बोलता कळले की प्रवाशांच्या अशा नोंदींवर त्याचा पुढला करार अवलंबून असतो. आम्ही खाली जाऊन तक्रार मागे घेतली. पण लाज काही मागे घेता आली नाही.

त्या रात्री वहीतले जुने उत्तर आठवले. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारांविषयी लिहिलेल्या ग्रंथात वैद्याचे उदाहरण घेतले आहे. जो वैद्य नाडी पाहून निघून जातो, त्याचे देणे शुल्कात फिटते. परंतु जो आपल्यासाठी गरजेहून अधिक काळजी वाहतो, त्याच्या श्रमाचे मोल चुकते होते, मनाचे होत नाही. तोच सेनेका असेही म्हणतो की गुलामसुद्धा धन्यावर उपकार करू शकतो. नेमलेल्या कामापलीकडे तो गेला की ती चाकरी राहत नाही. १३व्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हाच विचार स्वीकारून अशा गुलामाचेही आभार मानणे कर्तव्य ठरविले. आमचा तरुण तर गुलाम नव्हे, स्वतंत्र माणूस. बर्फ तिकिटात होता. पंचा आणि पिशवी नव्हती. आणि आम्ही दोन्ही एकाच हिशेबात मांडून मोकळे झालो होतो.

परंतु येथे दुसराही एक धोका आहे, आणि तो सज्जनांना अधिक भुलवितो. आभार मानले, निघताना हातावर चार युरो ठेवले, की न्यायाचा प्रश्न संपला असे वाटू लागते. तो संपत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली खलाशांच्या हक्कांचा करार संमत केला. २०१३ पासून तो अमलात आहे आणि २०१५ साली भारतानेही त्यास मान्यता दिली. त्यातील विश्रांतीची किमान मर्यादा २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ तास अशी आहे. म्हणजे ही मर्यादा पाळूनही आठवड्याचे ९१ तास उरतात! त्या तरुणाचा करार आठ महिन्यांचा होता आणि त्यात पुऱ्या सुटीचा एकही दिवस नव्हता. न्यायाने जे देणे आहे ते दयेच्या नावाने देता येत नाही. तसेच दयेने जे मिळाले ते हक्काच्या वहीत चढविता येत नाही. या दोन वह्या वेगळ्या ठेवणे, हेच कदाचित सुसंस्कृत माणसाचे लक्षण असावे.

तहानलेल्याला थंड पाण्याचा पेला देण्याविषयी आम्ही किती प्रवचने केली असतील! ती सारी देणाऱ्याला उद्देशून होती. पेला घेणाऱ्याने कसे वागावे, याविषयी आम्ही कधी चकार शब्द काढला नव्हता.

सफर संपली, आम्ही धर्मग्रामात परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात गेलो तेव्हा तेथील काम पाहणाऱ्या मावशी माठ विसळून भरीत होत्या. माठ रोज भरलेला असतो हे आम्हांस ठाऊक होते. तो भरला जातो, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिले. विचारले, "मावशी, हे रोज केव्हा करता?"

"पहिल्या मिस्साआधी, फादर. तुम्ही इथे यायच्या आधीपासून."

"आणि तुमची सुटी केव्हा असते?"

त्या आमच्याकडे पाहतच राहिल्या. प्रश्न त्यांना कळला नाही असे नव्हे. तो आजवर कोणी विचारला नव्हता. जहाजाच्या मालकांचा हिशेब आम्ही आठवडाभर तपासला होता. आमच्या घरचा हिशेब त्या सकाळी उघडला.