मुलांच्या नावावरचा आठवडा

ऑरलँडोजवळच्या किसिमीतल्या एखाद्या रिसॉर्टमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्या फ्लॅटमधला जूनचा एक ठरावीक आठवडा. या आठवड्याचे खरेदीखत असते आणि घराचे खत नोंदवतात तसेच ते काउंटीच्या दप्तरी नोंदवलेले असते. त्यात नवरा-बायकोची नावे असतात, त्यांच्या वारसांचा उल्लेख असतो. मुदत मात्र नसते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत टाइमशेअर म्हणून जे विकले गेले, त्याचा फार मोठा भाग असा कायमच्या मालकीचा होता. विक्रीच्या बैठकीत भरही नेमका त्यावरच असे: हे तुमच्यानंतर मुलांना राहील, नातवंडांना राहील. आज तो दिवस आला आहे. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यानंतर पहिल्या काही वर्षांत आलेली मराठी माणसे आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. इच्छापत्र लिहायला बसतात तेव्हा घर, शेअर्स आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यांबरोबर तो आठवडाही यादीत येतो, आणि तो कुणाच्या नावे लिहायचा या प्रश्नाशी पेन थांबते.

माझे म्हणणे असे आहे की तो मुलांच्या नावे लिहूच नये. निदान त्यांना स्पष्ट विचारल्याशिवाय आणि त्यांच्या नकाराला मनापासून मोकळीक दिल्याशिवाय लिहू नये. हे म्हणताना ज्यांनी तो विकत घेतला त्यांच्या शहाणपणावर मला शंका घ्यायची नाही. उलट, त्यांनी तो का घेतला हे नीट समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

त्या काळी मराठी कुटुंबाने अमेरिकेत सहलीला जायचे म्हणजे काय होते ते आठवून पाहावे. हॉटेलच्या एका खोलीत चौघे. बाहेर शाकाहारी माणसाला मिळणार ते सॅलड आणि फ्रेंच फ्राइज. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा सोबत. आजीला सकाळी सहाला चहा हवा, आजोबांना रात्री मऊ भात. टाइमशेअरच्या फ्लॅटमध्ये चार शेगड्यांचा स्टोव्ह होता, मोठा फ्रिज होता, कपडे धुण्याचे यंत्र होते, आणि दार लावून घेता येईल अशी दुसरी झोपायची खोली होती. कुकर, मसाल्याचा डबा आणि पोहे गाडीत टाकून न्यू जर्सीहून पोकोनोजच्या डोंगरात किंवा व्हर्जिनियातल्या मॅसनटनला जाता येई. ह्यूस्टनहून एक भाऊ, शिकागोहून बहीण, अशी तीन घरे एका छताखाली आठवडाभर राहत. चुलत-मावस भावंडे एकमेकांना ओळखू लागली ती अशा फ्लॅटमध्ये जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर. मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत जे येत नव्हते ते मराठी तिथे कानावर पडे, कारण आजीशी दुसऱ्या भाषेत बोलून चालत नसे.

दुसरे कारण अधिक खोल होते. या माणसांनी मागे गाव सोडले होते. कोकणात किंवा सातारच्या बाजूला कुणाचे चौसोपी घर होते, कुणाचे दोन खोल्यांचे. पण सुट्टी लागली की जायचे ठिकाण ठरलेले होते, आणि ते ठिकाण आपल्या आधीही होते व आपल्यानंतरही राहणार होते. अमेरिकेत उपनगरातले घर नोकरीबरोबर बदलत राहिले. मुलांना 'आपले गाव' म्हणून दाखवायला काहीच नव्हते. अशा मनःस्थितीत कुणी समोर कागद ठेवून सांगते की ही जागा तुमच्या घराण्यात राहील, तर त्या शब्दांचा परिणाम होणारच. एरवी प्रत्येक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या इंजिनिअर आणि डॉक्टर मंडळींनी ती सही केली याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

पण गावचे घर आणि हा आठवडा यांत फरक आहे, आणि तो खर्चाच्या रचनेत आहे. वापर होवो न होवो, दरवर्षी देखभाल शुल्क भरावेच लागते. त्यात विमा असतो, मालमत्ता कर असतो, छपरासाठी आणि सोफ्यासाठी राखीव निधी असतो, व्यवस्थापन कंपनीचा मोबदला असतो. चक्रीवादळाने नुकसान केले आणि विमा पुरला नाही तर त्या वर्षी विशेष आकारणी वेगळी. सुरुवातीला काहीशे डॉलर असलेले हे शुल्क आता सरासरीने हजार डॉलरच्या वर गेले आहे. वर्षाला १२०० डॉलर धरले आणि ते अजिबात वाढणार नाही असे मानले, तरी चाळिशीतल्या मुलीला सत्तरीपर्यंत ३६,००० डॉलर भरायचे आहेत. दुसऱ्या बाजूला विकायला काढले तर कित्येक आठवडे इंटरनेटवर एका डॉलरलाही पडून असतात. खरेदीच्या वेळी मोजलेल्या रकमेत विक्री आणि जाहिरात यांचा खर्च मोठा होता. त्याची किंमत दुसरा खरेदीदार कशाला देईल? गावचे घर पडके झाले तरी त्याखाली जमीन उरते.

आपल्याकडे वेळेची वाटणी नवी नाही. भावांच्या सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी असते: दोन दिवस थोरल्याचे, दोन दिवस मधल्याचे, असे वाटणीपत्रात लिहिलेले. ती पाळी वारसाने पुढच्या पिढीकडे येते, आणि विहिरीतला गाळ काढायचा खर्चही वाट्याप्रमाणे येतो. पण ती पाळी शेताशी बांधलेली असते. ज्याचे पीक त्या पाण्यावर उभे आहे तोच गाळाचा खर्च देतो, आणि शेत विकले की पाळीही जाते. टाइमशेअरच्या वारशात शेत कधीच सुटून गेलेले असते. मुलगा सिअॅटलला, मुलगी लंडनला, त्यांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, नातवंडांच्या शाळा वेगवेगळ्या दिवशी सुटतात. शेत नाही, पीक नाही, तरी गाळ काढण्याचे बिल येत राहते. पुढे कंपन्यांनी ठरावीक आठवड्यांऐवजी पॉइंट्स आणले. त्याने जागा आणि तारखा बदलता येऊ लागल्या हे खरे, पण शुल्काची साखळी तशीच राहिली.

कायदा याबाबतीत काय म्हणतो हे आईवडील आणि मुले या दोघांनीही जाणून घ्यावे, कारण सगळ्यात जास्त नुकसान अज्ञानाने होते. वडिलांचे देणे अमेरिकेत मुलांच्या अंगावर आपोआप येत नाही; ते मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून भागवले जाते. आणि वारशाने मिळणारी वस्तू नाकारता येते. केंद्रीय करकायद्याच्या २५१८व्या कलमात अशा नकाराच्या अटी दिल्या आहेत: नकार लेखी हवा, साधारणपणे मृत्यूपासून नऊ महिन्यांच्या आत हवा, तोपर्यंत त्या वस्तूचा कोणताही लाभ घेतलेला नसावा, आणि ती पुढे कुणाला मिळावी हे नाकारणाऱ्याने ठरवायचे नाही. राज्याराज्यांचे नियम थोडे वेगळे आहेत, पण लाभ घेतला की नकाराचा हक्क संपतो हे तत्त्व जवळजवळ सगळीकडे आहे.

आता हे तत्त्व शोक करणाऱ्या घरात कसे चालते ते पाहा. बाबा मार्चमध्ये गेले. जूनचा आठवडा त्यांनीच राखून ठेवला होता. सगळी भावंडे म्हणतात, या वर्षी त्यांच्यासाठी म्हणून जाऊ या. जातात, आईला सोबत मिळते, बाबांच्या गोष्टी निघतात. दुसऱ्या घरात शुल्काचे बिल आले म्हणून थोरली मुलगी आपल्या खात्यातून भरून टाकते. बाबांचे काही थकीत राहिलेले तिला सहन होत नाही. दोन्ही कृती प्रेमाच्या आहेत. पण तो आठवडा वारसाने मुलांकडे येणार असेल, तर पहिलीने नकाराचा हक्क जातो आणि दुसरीतही तो जाण्याचा धोका आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मुलाने नकार दिला की, इच्छापत्रात वेगळे काही लिहिले नसेल तर, बहुधा तो स्वतः आधीच वारला होता असे धरून वाटा पुढे सरकतो, म्हणजे त्याच्या मुलांकडे. दहा वर्षांच्या नातीच्या वतीने तिच्या आईवडिलांना पुन्हा नकार नोंदवावा लागतो, आणि अज्ञान वारसासाठी त्याला कोर्टाची परवानगी लागू शकते.

सगळ्यात घातक सल्ला मात्र वेगळाच आहे, आणि तो चांगल्या हेतूने दिला जातो: मुलांची नावे आताच खतावर घालून टाका, पुढची कटकट नको. नाव घातले की मुलगा वारस राहत नाही, तो मालक होतो. मालकाला वारसा नाकारता येत नाही. शुल्क थकले तर वसुलीची पत्रे त्याला येतात आणि त्याच्या पतपात्रतेला झळ पोहोचू शकते.

एवढे सगळे माहीत झाले तरी बरीच मुले 'नको' म्हणत नाहीत. "आई, खरे सांगू? आम्हाला तो आठवडा नको आहे गं," हे वाक्य ओठांवर येते आणि परत जाते. आईवडिलांनी घेतलेले नाकारणे म्हणजे त्यांना नाकारणे, असे त्यांना वाटते. ही भावना आपल्या परंपरेतून आलेली आहे, म्हणून परंपरेकडेच पाहू. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हे मिताक्षरा परंपरेतले धार्मिक कर्तव्य होते आणि ते नातू-पणतूपर्यंत पोहोचत असे. विज्ञानेश्वराने ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, त्या स्मृतीनेच त्याला मर्यादा घातल्या होत्या: दारू, जुगार आणि विषयासक्तीपायी केलेले ऋण मुलाने फेडायचे नाही, आणि निरर्थक दानाचेही नाही. म्हणजे वडिलांचे प्रत्येक देणे डोळे मिटून शिरावर घ्या, असे त्या काळीही कुणी सांगत नव्हते. पुढे हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते हे बंधनच काढून टाकले. केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वसुली मागता येत नाही. पुण्यात राहणाऱ्या मुलाला जे ओझे भारतीय कायद्याने उतरवून दिले, ते न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मुलीने निव्वळ संकोचापायी उचलावे, हे मला पटत नाही.

काही घरांत हा वारसा खरेच हवा असतो, हेही नोंदवले पाहिजे. मुलगी रिसॉर्टच्याच गावात राहते, तिची मुले तिथल्या तळ्यात पोहायला शिकली, तिला पुढची वीस वर्षे तिथेच जायचे आहे. तिने तो जरूर घ्यावा, शुल्काचे आकडे पाहून घ्यावा. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबसारख्या योजनांत मालकीला मुदत असते. १९९१मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या रिसॉर्टचे मूळ करार २०४२मध्ये संपतात. शेवट माहीत असलेली गोष्ट पुढे देण्यात फसवणूक नाही. माझा आक्षेप कायमच्या बंधनाला आहे. स्पेनने १९९८च्या कायद्याने अशा करारांना पन्नास वर्षांची कमाल मर्यादा घातली, आणि ग्रॅन कनारियातल्या एका रिसॉर्टविरुद्ध नॉर्वेच्या एका बाईंनी लढवलेल्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५मध्ये कायमच्या मुदतीचा करार रद्द ठरवला. फ्लोरिडात ग्राहकाला सही केल्यानंतर करार मागे घ्यायला दहा दिवस मिळतात. दहा दिवसांत न सुचलेला विचार तीस वर्षांनी सुचला, तर कायद्याकडे त्याला देण्यासारखे फारसे काही नाही. ठरावीक वर्षांनी मालकाला आठवडा परत करण्याचा हक्क कायद्यानेच दिला पाहिजे, आणि तोवर त्याचा वारसा कुणाच्याही स्पष्ट संमतीशिवाय पुढे जाता कामा नये.

ती पोकळी भरायला जे पुढे आले त्यांच्यापासून फार सावध राहावे. टाइमशेअरमधून सोडवून देतो असे सांगून आगाऊ हजारो डॉलर घेणाऱ्या कंपन्या वृद्धांनाच गाठतात. नोव्हेंबर २०२२मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि विस्कॉन्सिन राज्याने मिसूरीतल्या अशा एका कंपनीसमूहावर खटला भरला. लोकांकडून ९ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळल्याचा आरोप त्यात होता आणि त्यांतले बरेच जण वयस्कर होते. मेक्सिकोतल्या गुन्हेगारी टोळ्या टाइमशेअर विकत घेण्याच्या बहाण्याने अमेरिकी मालकांना लुबाडतात, असा इशारा २०२४मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनीच दिला आहे.

सरळ रस्ता म्हणजे ज्या कंपनीकडून घेतला तिलाच लेखी विचारणे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांकडे आता परत घेण्याच्या योजना आहेत. त्या कंपनीच्या मर्जीवर चालतात, पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि कर्ज फिटलेले व शुल्क चुकते असावे लागते. उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत ज्येष्ठांसाठी होणाऱ्या कार्यक्रमांत हा विषय मोकळेपणाने निघायला हवा, कारण घराघरांत तो दबक्या आवाजातच बोलला जातो. आणि तो निघावा तो दोघेही हयात असताना. तेव्हा नोटरीसमोर दोन सह्यांत काम होते. एकजण गेल्यावर मृत्यूचा दाखला जोडून दुसऱ्याची सही लागते. दोघेही गेले की न्यू जर्सीत इच्छापत्राचे सगळे सोपस्कार पार पडले असले तरी, तो आठवडा नुसता परत करण्यासाठी मुलांना बहुधा फ्लोरिडातला वकील धरून तिथल्या कोर्टात नव्याने प्रोबेटचा अर्ज करावा लागतो.