बरणीतला उजेड

बालाघाटाच्या माळावर वारा फार. भूम-वाशीकडे आता त्याच वाऱ्यावर पवनचक्क्या फिरतात, पण अंगणात दिवा लावायचा म्हटलं की तो आडवा येतो. म्हणून मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या जपून ठेवते. घासायच्या, तळाला बोटभर वाळू घालायची, तिच्यात मेणबत्ती रोवायची, गळ्याला तार वळवून बरणी कडुनिंबाला टांगायची. बघणारे म्हणतात, छान सजावट आहे. मला मात्र चिमणी आठवते.

औषधाची किंवा शाईची बाटली, पत्र्याच्या झाकणाला भोक, त्यातून ओवलेली चिंधीची वात, आत रॉकेल. धाराशिवकडच्या कितीतरी घरांत पोरांनी त्याच उजेडात पाढे पाठ केले. तिला कुणी कलाकुसर म्हटलं नाही. आणि ती धोक्याची होती: खाली तेल, वर उघडी ज्योत, धक्का लागला की आडवी. श्रीलंकेतले शल्यचिकित्सक विजय गोडाकुंबुरा यांनी अशा दिव्यांनी भाजलेली माणसं पाहिली आणि बाटलीचा आकारच बदलायचं ठरवलं. बुटकी, जड, दोन बाजूंनी सपाट, फिरकीच्या झाकणाची. पडली तरी गडगडत नाही, तेल सांडत नाही. सुरुवात त्यांनी मार्माइटच्या रिकाम्या बाटल्यांपासून केली होती. १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. टाकाऊ बाटलीकडे इतक्या मायेने कुणी पाहिलेलं मला माहीत नाही.

चिमणीत काच तेल सांभाळायची, ज्योत वाऱ्यावर सोडलेली. बरणीत काच ज्योतीलाच कवेत घेते. पण वारा अडवताना हवा अडता कामा नये. तोंड अरुंद असेल तर गरम हवेला वर जायला आणि ताजीला आत यायला वाट राहत नाही. ज्योत काजळी धरते, मिणमिणते, विझते. जाड काच भक्कम वाटते, तीच लवकर दगा देते: आतून तापते, बाहेरून गार राहते, त्या ताणाने तडकते. कंदिलाची काच पातळ असते ती काही काटकसर म्हणून नव्हे.

आमच्याकडे देवापुढे पितळी समई, दिवाळीला नवी कोरी पणती. बाटली देवघरात जात नाही. कुणाच्या तोंडची, कुणाच्या दुखण्यातली. तिची जागा गोठ्यात नाहीतर पडवीत. ही रीत मला पटत नाही. मातीच्या भांड्यात तेल मुरतं, वास मुरतो. काचेत काहीच मुरत नाही. राखेने घासली की काल तिच्यात काय होतं याची खूणही उरत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथातल्या तगरला, उत्खननात जुने काचमणी निघाले. शतकानुशतकं मातीत पडूनही ती काच माती झाली नाही. म्हणूनच उकिरड्यावर भिरकावलेल्या बाटलीची मला काळजी वाटते. ती आपल्या नातवंडांनंतरही तिथेच असणार.

आई हे सगळं ऐकून घ्यायची, बोलायची नाही. तुळशीपुढची पणती मात्र रोज विझायची. ती पदर आडवा धरून पुन्हा लावायची. परवा कार्तिकातल्या संध्याकाळी वारा सुटला होता. बाहेर आले तर तिने पणती उचलून माझ्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवली होती आणि बरणीलाच हळदीकुंकू वाहत होती.